बारकीचे दात

१० फेब्रुवारी

ताई,

वर साष्टांग नमस्कार लिहिणार होते. पण चार वर्षांनी पहिलं पत्र, आणि सुरुवातच खोटी नको. मी वाकायला तयार आहे, तू पाय पुढे करशील का ते माहीत नाही. म्हणून नुसतंच, ताई.

तुझ्या लेकीकडून तुला कळलं असेलच. जिभेच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ होती. ती कापली आणि मग जबड्याला आणि गळ्याला तेहतीस वेळा शेक दिला. शेक म्हणजे ते किरणांचं. इथे सगळे शेकच म्हणतात, जशी काही माझी कंबरच धरली होती. ते संपून सात महिने झाले. मागच्या सोमवारी घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाले, स्वच्छ आहे. पक्कं ना, म्हणून विचारलं तर म्हणाले, तीन महिन्यांनी परत या. डॉक्टर आणि शिंपी एकाच माळेचे मणी, ‘झालं’ म्हणतात आणि पुढची तारीख देतात.

दुकान उघडलंय. रोज अकरा ते पाच. शेजारचा घड्याळवाला शटर वर करून देतो, कारण माझ्या दंडात अजून पूर्वीचा जोर नाही. त्याने विचारलं, ताईंना कळवलं का. मी म्हटलं, पत्र टाकलंय. नव्हतं टाकलं. म्हणून हे लिहायला बसले, त्याच्यासमोर दोनदा खोटं बोलायला नको.

दुकानात नवा कपडा नाही. तू गेल्यापासून एकही कापला गेला नाही. चेन बदल, उसवलेलं शिव, पॅन्ट आखूड कर, एवढंच. ‘दुकानात कात्री एकाच हातात’ हा तुझा नियम मी पाळते. तुझं टेबल रिकामं आहे, त्याच्यावर मी फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवते. त्या मात्र पुष्कळ लागतात. शेकाने तोंडातली लाळ आटली आहे. पहिल्या दिवशी मशीनवर बसले, दोरा घेतला, टोक जिभेला लावलं आणि टोक कोरडंच बाहेर आलं. चाळीस वर्षं जी गोष्ट आपोआप होत होती ती झालीच नाही. मी इतकी हसले की घड्याळवाला बघायला आला. आता बशीत ओला स्पंज ठेवते, पोस्टात तिकिटांना ठेवायचे तसा.

ताई, मुद्द्याचं लिहिते. परत ये आणि कापायला बस. जादूगाराचा कोट पाठीत फाटला तेव्हा तू म्हणालीस, माझी नजर गेली, आणि कात्री खाली ठेवलीस. तेव्हा मी तुला अडवायला हवं होतं. त्याऐवजी मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. ‘वय झालं तुझं, ठेवलीस ते बरं केलंस.’ हे वाक्य मी शेकाच्या टेबलावर तेहतीस दिवस ऐकलं. तिथे तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, हलता येत नाही, त्यामुळे ऐकण्यावाचून इलाज नसतो.

कोटाचं आणखी एक आहे, पण ते नंतर. आज एवढंच.

तुझी (असले तर)
बारकी


२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लहानपणीही तू दार उघडेपर्यंत कडी वाजवायचे.

आज माझ्या दोन सासवांची ओळख करून देते. लग्न न करता दोन सासवा मिळालेली या शहरात मीच असेन. एक आहारवाली. ती प्रत्येक वेळी आधी वजन करते आणि मग नमस्कार, म्हणून मी तिचं नाव वजनकाटा ठेवलंय. दुसरी दातांची डॉक्टर, ती दातवाली. दोघी एकाच इमारतीत बसतात, वजनकाटा दुसऱ्या मजल्यावर आणि दातवाली तळाला.

वजनकाटा म्हणते, बेचाळीस किलो म्हणजे काही वजन आहे का, दर दोन तासांनी खा. अंडं, दूध, केळं, दह्यात कालवलेला मऊ भात, सूपमध्ये लोण्याचा गोळा. मी पन्नास किलोची झाले की ती मला सोडणार आहे. खाली गेलं की दातवाली म्हणते, लाळ नाही म्हणजे दातांना पहारेकरी नाही. खाल्लेलं चिकटून बसतं आणि महिन्यात दात कुरतडतं. सारखं खाऊ नका, गोड आणि चिकट तर नकोच. मी म्हटलं, बाई, दोन मजले चढून भांडून या, मी इथे थांबते. ती खरंच फोन घेऊन वर बोलली. निकाल असा लागला की खायचं आठ वेळा आणि दात स्वच्छही आठ वेळा करायचे. सोडा-मिठाच्या पाण्याने चूळ, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि झोपण्याआधी माझ्या दातांच्या मापाच्या दोन साच्यांत औषधी जेल भरून दहा मिनिटं बसायचं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. त्या दहा मिनिटांत बोलता येत नाही. घड्याळवाला म्हणतो, हे औषध तुला आधीच मिळायला हवं होतं.

जबडा आखडू नये म्हणून आईस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांत धरायची असते. पंधरा काड्यांपासून सुरुवात केली, आता सव्वीस. माझी उभी तीन बोटं तोंडात गेली पाहिजेत, अडीच जातात.

एक गोष्ट दातवालीपासून लपवली होती, ती तुला सांगते. मी अजून दोरा दाताने तोडत होते. कात्री हाताशी असते, पण हात जातो आधी तोंडाकडे. परवा जाड दोरा तोडला आणि समोरच्या दाताचा टवका उडाला. दातवालीने बघितलं आणि विचारलं, हे कशाने. मी म्हटलं, टोस्ट. तिने आरसा माझ्या हातात दिला. त्या दातात एक बारीक खाच आहे, तुझ्याही आहे बघ, त्याच जागी. ती म्हणाली, ही खाच टोस्टने पडत नाही, ही शिंप्यांना पडते, आणि तुम्ही रोज किती दोरे तोडता तेवढं फक्त सांगा. मी चोरी पकडल्यासारखी बसले. तिने टवका भरून दिला आणि टाचण्यासुद्धा तोंडात धरायच्या नाहीत असा दम भरला.

आता खरी बातमी. काल जादूगार आला होता.

मला वाटलं, चार वर्षांनी भांडायला आला. तर तो काउंटरवर वाकून विचारतो, कोट कापणाऱ्या बाई कुठे आहेत, मला त्यांचे आभार मानायचेत. ऐक. त्या रात्री पाठीतून कोट उसवला आणि कबूतर वेळेआधीच बाहेर आलं, तेव्हा लोक पोट धरून हसले. पुढच्या खेळाला लोकांनी तेच मागितलं. तेव्हापासून तो दर वेळी पाठीतूनच कबूतर काढतो. पण त्यासाठी दर खेळाला एक जुना कोट फाडावा लागतो. आता त्याला असा कोट हवा आहे जो बरोबर शिटी वाजली की पाठीत उघडेल आणि परत जुळेल. गावभर फिरला, सगळे शिंपी हसतात. म्हणाला, हे फक्त त्या बाईंना जमेल, ज्यांनी पहिला कापला.

त्याने मोठ्या आदराने तुझ्या टेबलाला हात लावला. मी तिथल्या बाटल्या बाजूला सरकवल्या. मे महिन्यात त्याचा मोठा खेळ आहे, तोवर थांबेन म्हणाला. ताई, हे काम तुझं आहे. ये.

बारकी


१९ मार्च

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आणि अर्ध्यात फाडू नकोस, पुढे आहे ते महत्त्वाचं.

शनिवारी उजवीकडची शेवटची दाढ ठणकायला लागली. दातवाली आठ दिवस रजेवर. रविवारी गाल तापला, सोमवारी अंडंही चावेना. घड्याळवाला म्हणाला, कोपऱ्यावर एक जण दात काढतो, दहा मिनिटांत मोकळी होशील. आता दातवालीने मला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. शेक दिलेल्या जबड्यातला दात तिला न विचारता कुणाला काढू द्यायचा नाही. ते हाड पूर्वीसारखं भरून येत नाही. जखम उघडी राहते, हाड आतून मरत जातं, कधी जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. तिने हे एका कार्डावर लिहून दिलं होतं. कार्ड माझ्या पिशवीत होतं. तरी मी गेले, कारण ठणका माणसाला गाढव करतो.

खुर्चीत बसले. तो माणूस भला होता, हात हलका. त्याने विचारलं, काही आजार, काही उपचार. मी म्हणाले, छे, ठणठणीत. का म्हणाले? कारण बाहेर बाकावर चार माणसं बसली होती आणि पडद्यातून सगळं ऐकू जात होतं. कारण कॅन्सर म्हटलं की लोकांचा चेहरा बदलतो आणि मला त्या दिवशी कुणाचा चेहरा बदललेला बघायचा नव्हता. त्याने सुई दिली, जबडा बधिर होईपर्यंत थांबला, आणि पक्कड हातात घेतली.

मी त्याचं मनगट धरलं. अर्धं तोंड बधिर, लाळ नाही, तरी बोलले. मला इथे शेक दिलाय, तेहतीस वेळा.

तो तिथेच थांबला. पक्कड ठेवली, हातमोजे काढले, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, बाई, आधी का नाही सांगितलं? रागाने नाही म्हणाला, घाबरून म्हणाला. मग माझ्या पिशवीतलं कार्ड वाचून दातवालीला फोन लावला. तिने रजेवरून औषध सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी असलेल्या डॉक्टरांनी दाढेचं रूट कॅनाल केलं. दाढ जागेवर आहे. आज मी त्या बाजूने केळं चावलं. जगात इतकं चांगलं केळं झालं नसेल.

पण ते ‘आधी का नाही सांगितलं’ तीन दिवस डोक्यातून जात नाही. म्हणून सांगते.

कोटाची पाठ तू कापलीच नव्हतीस. मी कापली.

त्या दिवशी तीन कपडे कापायचे होते. तू पाठीवर खडूने आखलंस आणि बटणं आणायला गेलीस. मला घाई होती, आणि मनात होतं की मलाही येतं, मीच काय जन्मभर मशीन मारायची. तू आखतेस ती ओळ शिवल्यानंतरच्या मापाची असते. शिलाईत दाबायला ओळीबाहेर एक बोट माया तू नजरेने सोडतेस, दुसरी ओळ कधी आखत नाहीस. मी ओळीवरूनच कापलं. कापल्यावर लगेच कळलं. घडी घालून बाकीच्या कापडांखाली सरकवलं. तू आलीस आणि विचारलंस, “पाठ मी कापून गेले होते का गं?” मी म्हणाले, “मग काय मी कापली?”

एवढंच. खोटंसुद्धा धड बोलले नाही, प्रश्नाला प्रश्न टाकला. मग शिलाई अगदी कडेला मारली, टिकेल म्हणून. टिकली नाही.

तू चष्म्याच्या तीन डॉक्टरांकडे गेलीस. तिघे म्हणाले नजर चांगली आहे, आणि तू म्हणालीस, मग डोकं गेलं असेल. मी तेव्हा समोर बसून बाह्या शिवत होते. आणि वर म्हणाले की वय झालं तुझं. तू नसलीस की कुणी विचारणार नाही म्हणून म्हणाले.

तुझी नजर कुठे गेली नव्हती, ताई. तुझा हातही गेला नव्हता. चार वर्षं तू उगाच कात्रीपासून लांब राहिलीस, ते माझ्यामुळे. मला त्याची लाज वाटते. आजारात फार वाटली, बरी झाल्यावर जास्त वाटते, कारण आता मरणाची सबबही उरली नाही.

बारकी


५ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र वाचलं. आता काही दिवस लिहू नकोस.’ आठ दिवस नाही लिहिलं. आठ म्हणजे काही दिवस धरायला हरकत नसावी.

मी माझी बाजू मांडत नाही, मला बाजू नाही. फक्त हाल कळवते, म्हणजे शिव्या घालायला मी शिल्लक आहे एवढं तुला कळेल.

वजन सव्वाचव्वेचाळीस. वजनकाट्याने मला मिठी मारली आणि मग काटा बिघडला आहे का ते बघितलं. काड्या तीस झाल्या. चव परत येते आहे, पण रांगेत येत नाही. आधी आंबट आलं, मग खारट, गोडाचा पत्ता नव्हता. परवा दुधात नुसती वेलची घातली होती आणि अचानक ती लागली. मी कप धरून दुकानाबाहेर आले आणि घड्याळवाल्याला म्हटलं, वेलची आली. त्याला वाटलं कुणी बाई आली, त्याने शर्ट नीट केला.

जादूगाराला मी खरं सांगून टाकलं. पाठ ताईंनी नाही, मी बिघडवली.  तर तो म्हणाला, म्हणजे बिघडवणाऱ्या तुम्ही आणि दुरुस्त करणाऱ्या त्या, मग तर मला दोघी लागतील. काळं कापड ठेवून गेलाय. ते मी तुझ्या टेबलावर ठेवलंय, बाटल्या खाली उतरवल्या. त्याला मी हात लावणार नाही. तू नाही आलीस तर मेमध्ये ते तसंच परत देईन.

बारकी


२२ एप्रिल, दुकानात, दुपारी सव्वादोन

ताई,

तू माझ्यापासून सहा फुटांवर बसली आहेस आणि सकाळपासून माझ्याशी बोललेली नाहीस, म्हणून लिहिते. घडी करून टेबलावरून सरकवीन. वाचायचं तर वाच.

अकराला शटर वर गेलं, मागे वळले तर तू, हातात बॅग. घड्याळवाल्याला म्हणालीस, “खडू कुठे ठेवते ही?” मी दोन पावलांवर उभी होते, पण विचारलंस त्याला. त्यालाही खडू कुठे ते माहीत नव्हतं, त्याने मला विचारलं, मी त्याला सांगितलं, त्याने तुला सांगितलं. असं आपलं कामकाज चाललंय. तो बिचारा तीन घड्याळं उघडी टाकून मध्ये उभा आहे.

मग तू कापड पसरलंस. हात फिरवलास. आखलंस, आणि बराच वेळ कात्री धरून नुसती उभी राहिलीस. मी मशीनचं पायडल थांबवलं. ताई, रिपोर्टच्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते. तुझा हात थरथरला असता तर त्याला फक्त मी कारण होते. आणि मग कात्री चालायला लागली. ओळीबाहेर एक बोट, शेवटपर्यंत, न थांबता. पाठ कापून झाल्यावर तू ती उचलून उजेडात धरलीस, माझ्याकडे न बघता. मी तोंड फिरवून रडले. शेक दिल्यापासून तोंड कोरडं आहे पण डोळे चालू आहेत, देवाची कृपा.

जेवायच्या वेळी मी दह्यातला भात खाल्ला, चूळ भरली, ब्रश केला. तू बघत होतीस. मी पाठ वळवली तर तू बेसिनकडे गेलीस. तुला वाटलं मी बाहेर आहे. मी दाराशीच होते, ताई. तू वरची कवळी काढलीस, मग खालची, दोन्ही नळाखाली धरल्यास. आणि आरशात तुला मी दिसले.

आपल्यात दात तुझे चांगले. आई पाहुण्यांना तुझे दाखवायची आणि मला म्हणायची, तू तोंड मीट. मी एवढं दातांचं पुराण लिहिलं आणि तू तिकडे कवळी घालून वाचत होतीस. मला हसू फुटलं. आधी वाटलं तू मारशील. तू तशीच, बोळक्या तोंडाने म्हणालीस, “हसतेस कशाला? तीन वर्षं झाली. दुखत होते, काढून टाकले सगळे. एक एक वाचवत बसायला कुणी सांगितलं नाही.” आणि मग तूही हसायला लागलीस, आणि हसताना तुझं तोंड आईसारखं दिसलं.

कवळी बसवल्यावर तू परत बोलायची थांबलीस. ठीक आहे. तू कितीही दिवस बोलू नकोस, फक्त तो अबोला इथे बसून धर. क्षमा मागायची ती मागितली आहे, ती दर आठवड्याला मागेन, मला आता दर आठवड्याला तेच ते करायची सवय झाली आहे. सरकवते.

बारकी


(याच कागदावर खाली, ताईच्या हाताने)

बारके,

वाचलं. माफ केलेलं नाही. चार वर्षं मी सुपारी कातरतानासुद्धा हात कापेल म्हणून घाबरत होते. त्याचं काय करायचं ते मला अजून ठरवायचं आहे. इथे बसून ठरवीन.

लिहिणं बंद कर आणि उभी राहा. अंगावर काय घातलंयस, खुंटीवर टांगल्यासारखं दिसतं. जादूगाराचं कापड उरलंय, तुझं माप घेते. आहेस त्यापेक्षा दोन इंच जास्त धरून कापणार आहे. तेवढी अंगाने भर.

ताई